मालक गॅलरीत बसतो

महाराष्ट्रातल्या फुटबॉलचा गेल्या वीस वर्षांचा जमाखर्च मांडला तर एक उफराटी गोष्ट दिसते. ज्या संघांच्या पाठीशी मोठा पैसा होता त्यांतले बरेच एकामागून एक बंद पडले आणि ज्यांच्या पाठीशी जेमतेम एक पेठ होती ते आजही दर हंगामाला मैदानात उतरतात. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं राष्ट्रीय लीग जिंकलेली होती. 2010 मध्ये कंपनीनं संघच मोडीत काढला. 2007 मध्ये उभा राहिलेला पुणे एफसी दहा वर्षंही धड टिकला नाही. भारत एफसीच्या वाट्याला आय-लीगचा एकच हंगाम आला, 2014-15 चा. एफसी पुणे सिटी 2014 मध्ये इंडियन सुपर लीगबरोबरच जन्माला आला. मालकांत हृतिक रोशनसारखा सिनेनट होता, बालेवाडीचं स्टेडियम हाताशी होतं, तरी 2019 मध्ये गाशा गुंडाळला गेला आणि लीगमधली ती जागा हैदराबादला गेली. या सगळ्या काळात कोल्हापुरात पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, जुना बुधवार पेठ, संध्यामठ, फुलेवाडी हे संघ खेळतच होते. त्यांच्यामागे ना उद्योगसमूह होता, ना वाहिनीचा करार. तरी त्यांचा एखादा सामना रंगायचा म्हटला की अर्धं शहर दुपारपासून घड्याळाकडे बघत असतं.

या फरकाचं कारण कोल्हापूरच्या पोरांच्या पायातल्या कौशल्यात शोधून सापडणार नाही. पुण्या-मुंबईच्या त्या संघांकडे कितीतरी सरस खेळाडू होते. कारण मालकीत आहे. कंपनीचा संघ बंद करायला मालकाची एक सही पुरते. पाटाकडील किंवा दिलबहार बंद करू शकेल असा कुणी एक माणूसच नाही. संघ पेठेचा आहे, आणि फुटबॉलच्या बाबतीत पेठ म्हणजे शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर जाऊन बसणारी माणसं. सामना बघायला जाणारा माणूस इतर ठिकाणी गिऱ्हाईक असतो. कोल्हापुरात तो मालक आहे. त्याला तसा कागद कुणी लिहून दिलेला नाही, पण तो वागतो तसाच. कोल्हापूरच्या फुटबॉलमधलं जे काही चांगलं आहे ते या मालकीतून आलं आहे आणि जे वाईट आहे तेही बरंचसं तिथूनच आलं आहे. म्हणून या प्रेक्षकाला केवळ पोलिस बंदोबस्ताचा विषय समजणं जितकं चूक, तितकंच त्याला नुसतं ‘फुटबॉलवेडा’ म्हणून गोंजारणंही चूक. मालकाला हक्क असतात तशी जबाबदारीही असते, आणि खरा प्रश्न ती त्याच्याकडे सोपवायची कशी हा आहे.

ही मालकी एका दिवसात तयार झालेली नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, देशभरातून मल्ल आणले आणि खासबाग मैदान बांधलं. रोमच्या धर्तीवरचं हे गोल मैदान 1912 मध्ये पुरं झालं. त्या काळात पेठापेठांतल्या तालमी भरभराटीला आल्या. तालीम म्हणजे निव्वळ लाल मातीचा हौद नव्हे. तिथे मारुतीची मूर्ती असते, बसायला कट्टा असतो, वडीलधाऱ्यांचा वचक असतो. गल्लीतलं भांडण तिथे मिटतं, गणपती तिथून निघतो, कुणाच्या घरी मयत झालं तर तिरडी बांधायला माणसं तिथून धावतात. पोरगा शाळेत कुठल्याही जाऊदे, तो तालमीचा असतो. पुढे शहरात फुटबॉल रुजला तेव्हा त्याला नवे क्लब काढत बसावं लागलं नाही. खेळाडू, पंच, वर्गणी, जागा आणि मुख्य म्हणजे ईर्षा, सगळं तालमीत तयार होतं. 1940 मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची केएसए, स्थापन झाली आणि पेठांच्या या ईर्षेला स्पर्धेचं वेळापत्रक मिळालं.

कुस्तीच्या गावात फुटबॉल इतका का फोफावला, याचं उत्तर मला दोन खेळांच्या खर्चात आणि माणसं सामावून घेण्याच्या क्षमतेत दिसतं. चांगला पैलवान तयार करायचा तर वर्षानुवर्षं दूध, तूप, बदाम, मटण असा खुराक लागतो आणि इतकं करून आखाड्यात उतरतो एकच. एवढा खर्च एकट्या घराला पेलत नाही. कुस्तीला आश्रयदाता लागतो. 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि राजाश्रयाचं ते पर्व संपलं. फुटबॉलला एक चेंडू आणि एक मोकळं मैदान पुरत होतं. गांधी मैदान, दुधाळी अशा जागा जवळ होत्या. एका संघात अकरा पोरं खेळतात, तेवढीच बाहेर तयारीत असतात, म्हणजे गल्लीतल्या कितीतरी घरांचा संघाशी रक्ताचा संबंध जुळतो. कुस्तीत गाव पैलवानाचं कौतुक करतं. फुटबॉलमध्ये गावातलं जवळजवळ प्रत्येक घर कधी ना कधी संघात खेळून गेलेलं असतं. ज्या खेळानं आश्रयदात्याची गरजच कमी केली, तो आश्रयदाता गेल्यावरही टिकला. छत्रपती घराण्याचा केएसएशी असलेला संबंध आजही कायम आहे, स्पर्धेला शाहू छत्रपतींचं नाव आहे; पण पायऱ्या भरतात त्या पेठांनी.

त्या पायऱ्या जरा जवळून पाहण्यासारख्या आहेत. शाहू स्टेडियम गावाबाहेर नाही. जुन्या रावणेश्वर तळ्याच्या जागेवर, भर वस्तीत ते उभं आहे. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, रविवार पेठ इथून माणूस चालत येतो. हंगाम हिवाळ्यात सुरू होतो आणि पावसाळ्याआधी संपतो. दुपारी पाठोपाठ दोन सामने असतात. दुसरा सामना मोठ्या संघांचा असला की पहिल्याच्या उत्तरार्धातच गॅलरी भरत जाते. दुकानाचं शटर अर्धं ओढून आलेला माणूस, कारखान्यातून पाळी संपवून थेट आलेला कामगार, दप्तर पाठीवरच असलेला शाळकरी पोरगा आणि पन्नास वर्षांपूर्वी याच मैदानावर खेळलेला म्हातारा, सगळे एकाच सिमेंटच्या पायरीवर. बसण्याच्या जागा छापलेल्या नसतात, पण कुठल्या तालमीचे लोक कुठे बसतात हे सगळ्यांना माहीत असतं. झेंडे येतात, हलगी कडाडते. गोलरक्षकानं चेंडू हातात धरून दोन क्षण जास्त घेतले की त्याच्या घरच्या नावानं हाक बसते, कारण हाक मारणारा त्याच गल्लीत राहतो. हे प्रेक्षक गोलपुरते जागे होत नाहीत. थ्रो कुणाचा, फाउल होता की खेळाडू मुद्दाम पडला, डाव्या बगलेवरून आज कुणी पुढे का जात नाही, यावर पायरीवरच वाद रंगतो, आणि तो वाद संध्याकाळी कट्ट्यावर, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र हातात घेऊन पुढे चालू राहतो. कोल्हापूरच्या दैनिकांत स्थानिक फुटबॉलला जेवढी जागा मिळते तेवढी महाराष्ट्रातल्या दुसऱ्या शहरात क्वचितच मिळत असेल.

मालक आणि गिऱ्हाईक यांतला फरक इथे स्पष्ट होतो. गिऱ्हाईक तिकीट काढतं, करमणूक झाली नाही तर पुन्हा येत नाही. पेठेचा प्रेक्षक संघ हरला म्हणून दुसऱ्या संघाकडे जात नाही. तो तालमीच्या कट्ट्यावर जाऊन जाब विचारतो. हंगामाआधी केएसएत खेळाडूंची नोंदणी सुरू झाली की कोण कुठल्या संघातून कुठे गेला याची खबर तासाभरात गावभर होते आणि आपला पोरगा दुसऱ्याच्या नावावर नोंदला गेला तर घरापर्यंत बोलणी जातात. वर्गणी, जर्सीचा खर्च, जखमी खेळाडूच्या उपचाराची जमवाजमव, बाहेरून आलेल्या खेळाडूच्या राहण्याजेवणाची सोय, या सगळ्यात गॅलरीतल्याच माणसांचा हात असतो. वरिष्ठ गटात 16 संघ आहेत, त्याखाली आणखी गट आहेत. एवढ्या संघांचा गाडा कुठल्याही मोठ्या उद्योगाशिवाय वर्षानुवर्षं चालतो याचा अर्थ खर्चाचा मोठा भाग प्रेक्षकांच्या वेळेतून, श्रमांतून आणि खिशातून निघतो. ही माणसं फुटबॉलपुरतीच एकत्र येतात असंही नाही. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरात शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला तेव्हा तालमी-मंडळांची पोरं माणसं बाहेर काढायला, जेवण पोचवायला उतरली होती. गॅलरीत शेजारी बसून ओरडणाऱ्यांना संकटात एकमेकांचा नंबर शोधावा लागला नाही.

याउलट देशाच्या सर्वोच्च पातळीवर काय घडलं ते पाहा. इंडियन सुपर लीगमध्ये परदेशी प्रशिक्षक आले, उत्तम प्रक्षेपण आलं, खेळाचा दर्जा निश्चित सुधारला. पण जुलै 2025 मध्ये महासंघ आणि व्यापारी भागीदार यांच्यातल्या कराराचं घोंगडं भिजत पडलं म्हणून येणारा हंगामच स्थगित ठेवल्याचं जाहीर झालं. लाखो चाहते होते, पण त्यांना विचारायचं कुणाला सुचलं नाही, कारण त्या रचनेत त्यांना स्थानच नव्हतं. करार अडला आणि देशाची पहिली लीग थांबली. कोल्हापूरची लीग करारावर उभीच नसल्यामुळे ती अशी थांबू शकत नाही. दोन्हींचा दर्जा सारखा आहे असं म्हणण्याचा प्रश्नच नाही. टिकण्याची ताकद आणि खेळाचा दर्जा या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भारतीय फुटबॉलनं पहिलीकडे दुर्लक्ष करून दुसरी विकत घ्यायचा प्रयत्न केला.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. पेठेची मालकी एवढी गोड असेल तर दगडफेक कोण करतं? कोल्हापूरचा फुटबॉल वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतो तो अनेकदा हाणामारीमुळे. गोलवरून, पंचाच्या निर्णयावरून, समाजमाध्यमांवरच्या एखाद्या डिवचणाऱ्या पोस्टवरून दोन बाजूंचे समर्थक भिडले आहेत. सामने थांबवावे लागले आहेत, संघांवर आणि खेळाडूंवर कारवाई झाली आहे, मोठ्या सामन्याला मैदानात खेळाडूंपेक्षा पोलिसच जास्त दिसावेत अशी वेळ आली आहे. ज्या वडिलांनी स्वतः लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून सामने पाहिले ते आज पोरीला घेऊन यायला कचरतात. हे सगळं खरं आहे आणि ‘चार टवाळ पोरांचं काम’ म्हणून ते झटकून टाकता येणार नाही. ज्या आपलेपणातून वर्गणी येते त्यातूनच दगडही येतो. संघाचा पराभव ज्याला घरचा अपमान वाटतो तोच माणूस संघासाठी रात्रंदिवस राबतो आणि तोच गेटबाहेर बाह्या सरसावून उभा राहतो.

पण यावरून प्रेक्षकाला दूर ठेवणं हाच इलाज, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी जगाचा अनुभव पाहावा. इंग्लंडमध्ये 1970 च्या दशकापासून समर्थकांच्या दंग्यांना आवर घालायचा म्हणून मैदानाभोवती लोखंडी जाळ्या उभारल्या गेल्या. 15 एप्रिल 1989 रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर पोलिसांनी गर्दी हाताळताना चूक केली, माणसं त्या जाळ्यांवर चिरडली गेली आणि 97 जणांचे प्राण गेले. आधी दोष चाहत्यांवरच ढकलला गेला. सत्य अधिकृतपणे मान्य व्हायला जवळपास तीन दशकं लागली. 1 ऑक्टोबर 2022 रोजी इंडोनेशियातल्या मलंग शहराजवळ कान्जुरुहान मैदानात पराभवानंतर काही प्रेक्षक आत उतरले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लोक दरवाजांकडे पळाले आणि 135 माणसं मेली. प्रेक्षक म्हणजे धोका, एवढंच डोक्यात धरून मैदान सांभाळलं की धोका वाढतो, असं या दोन्ही घटना सांगतात. कोल्हापूरचं मैदान वस्तीच्या मधोमध आहे, बाहेरचे रस्ते अरुंद आहेत. तिथे लाठीपेक्षा मोकळे दरवाजे, दोन बाजूंना बाहेर पडायच्या वेगळ्या वाटा आणि सामना संपल्यावर आधी कुणी निघायचं याचा ठरलेला क्रम जास्त जीव वाचवील.

कोलकात्याचं उदाहरण आपल्याला अधिक जवळचं आहे. 16 ऑगस्ट 1980 रोजी ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या सामन्यात गॅलरीत हाणामारी झाली, चेंगराचेंगरीत 16 प्रेक्षक गेले. त्या शहरानं फुटबॉल सोडला नाही. 16 ऑगस्टला फुटबॉलप्रेमी दिन पाळायचा आणि त्या दिवशी रक्तदान करायचं अशी रीत तिथे पडली. वैर संपलं नाही, संपायची गरजही नव्हती. पण ऑगस्ट 2024 मध्ये आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीवरील अत्याचार आणि हत्येनंतर शहर पेटलेलं असताना सुरक्षेचं कारण देऊन या दोन संघांचा ड्युरँड चषकातला सामना रद्द झाला, तेव्हा दोन्ही संघांचे चाहते आपापल्या झेंड्यांसह एकत्र रस्त्यावर उतरले. मैदानावरची ईर्षा आणि शहराचा एकोपा एकाच माणसात नांदू शकतात, याला दुसरा पुरावा कशाला हवा? कोल्हापुरात तर दोन्ही बाजूंचे समर्थक एकाच शाळेत शिकलेले असतात, एकमेकांच्या घरी लग्नाला जातात. त्यांच्यात जन्मजात वैर आहे असं मानायला काहीच आधार नाही. कमतरता आहे ती, आपल्या बाजूच्या माणसाला आपणच आवरायचं, या रीतीची.

ही रीत कशी पडावी? युरोपात 2012-13 च्या हंगामापासून युरोपीय फुटबॉल संघटनेनं आपल्या स्पर्धांत खेळणाऱ्या क्लबांना एक अट घातली: चाहते, क्लब आणि पोलिस यांच्यात दुवा म्हणून काम करणारा एक जबाबदार माणूस नेमायचा. जर्मनीत बहुतेक क्लबांमध्ये मताधिकाराचा निम्म्याहून जास्त वाटा सभासदांकडेच राहील असा नियम आहे, आणि तिथल्या गॅलऱ्या युरोपातल्या सर्वांत भरलेल्या गॅलऱ्यांपैकी आहेत. कोल्हापूरला यातलं फार काही उसनं आणावं लागणार नाही. तालमीत वडीलधारी माणसं आहेत, त्यांचा शब्द आजही मानला जातो. प्रत्येक संघानं हंगामाआधी आपल्या गॅलरीची जबाबदारी घेणाऱ्या पाच-सात माणसांची नावं केएसएकडे आणि पोलिसांकडे द्यावीत, समर्थकांची रीतसर सभासद नोंदणी करावी, सभासदानं गोंधळ घातला तर आधी तालमीनं त्याला बाहेर बसवावं. संपूर्ण संघाला शिक्षा झाली की निर्दोष खेळाडूचा हंगाम वाया जातो आणि दगड मारणारा गर्दीत नामानिराळा राहतो. नावानिशी जबाबदारी आली की लपायला गर्दी उरत नाही. यावर कुणी म्हणेल की तालमीचे म्होरकेच अनेकदा पोरांना पाठीशी घालतात. घालतात, कारण आज पाठीशी घालण्याची किंमत त्यांना मोजावी लागत नाही. अधिकार लेखी दिला आणि त्याच्याशी मैदान मिळण्याचा हक्क जोडला, तर हिशेब बदलेल.

दुसरा आक्षेप पैशाचा. पेठेचा संघ म्हणायचं आणि मैदानात नायजेरिया, घाना, गोवा, केरळमधले खेळाडू उतरवायचे, याला पेठ कसं म्हणायचं? चषकांवर पुढाऱ्यांची नावं, बक्षिसांच्या रकमा वाढत्या, खेळाडूंचे दर चढे. मग हाही धंदाच नव्हे का? या आक्षेपाचा पहिला भाग मला पटत नाही. 1980 मध्ये इराणचा माजिद बिश्कर ईस्ट बंगालकडून खेळला, पुढे नायजेरियाचा चिमा ओकोरी कोलकात्याचा लाडका झाला, म्हणून ते संघ कमी बंगाली झाले नाहीत. आपलेपण गॅलरीत असेल तर बाहेरचा खेळाडू त्यात सामावतो. परगावच्या, परदेशातल्या पोराला घरचं जेवण घालणारी पेठ काही गमावत नाही. दुसरा भाग मात्र गंभीर आहे. पुढाऱ्यांना ही गॅलरी हवीहवीशी वाटते कारण तिथे एका जागी हजारो मतदार बसलेले असतात. एखाद्या दात्याच्या पैशावर संघ चढ्या दरानं उभा राहिला की तो दाता हात आखडता घेईल त्या दिवशी कोल्हापुरातही पुण्याचीच गत होईल. त्यावर उपाय पुन्हा मालकीचाच आहे: संघाचा जमाखर्च वर्षातून एकदा तालमीच्या कट्ट्यावर वाचून दाखवावा, बाहेरच्या खेळाडूंवर किती आणि पेठेतल्या बारा-चौदा वर्षांच्या पोरांवर किती खर्च झाला हे सगळ्यांसमोर यावं. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब जी माणसं मागतात ती फुटबॉलचाही मागू शकतात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त बोचरा वाटतो. एवढं वेड, एवढी वर्षं, आणि देशाच्या संघात कोल्हापूरची पोरं किती? 2017 मध्ये भारतात 17 वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला, त्यात भारताकडून कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. शहरानं त्याचं तोंडभरून कौतुक केलं. पण त्याची घडण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली, कोल्हापूरच्या लीगमध्ये नाही. पेठेच्या प्रेक्षकाला आजचा सामना जिंकायचा असतो. त्या घाईत खेळ रांगडा होतो, चेंडू उंच मारून पुढे धावण्यावर भर राहतो, अठरा वर्षांच्या पोराला बाकावर बसवून तयार खेळाडू आणला जातो. दहा वर्षांनी फळ देणारं काम उन्हातल्या पायरीवरून दिसत नाही. हा दोष मी गॅलरीच्या पदरात घालतो, पण त्यातून गॅलरी निरुपयोगी ठरत नाही. दर्जा घडवायला प्रशिक्षक, चांगलं मैदान आणि लहान वयोगटाच्या नियमित स्पर्धा लागतात. हे तीन मिळाले तरी खेळायला येणारी पोरं कुठून आणायची हा प्रश्न बहुतेक शहरांना पडतो, कोल्हापूरला पडत नाही. त्याच जिल्ह्यातल्या गडहिंग्लजसारख्या गावातही फुटबॉल जोमात आहे आणि परगावचे संघ बोलावून तिथे स्पर्धा भरतात. मुबलक पोरं आणि पारखी नजरेचे प्रेक्षक ही पायाभरणी झालेली आहे. वर इमला चढवायचं काम बाकी आहे, आणि ते प्रेक्षकानं मागितल्याशिवाय होणार नाही.

मालकीची ही गोष्ट अर्ध्या शहरापुरतीच आहे, हेही सांगायला हवं. गॅलरी अजून मुख्यतः पुरुषांची आहे. एफसी कोल्हापूर सिटी हा इथला महिला संघ इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळून आला, म्हणजे शहरातल्या मुली फुटबॉल खेळतात आणि चांगला खेळतात. पण त्यांच्या सामन्याला तालमीचे झेंडे निघत नाहीत. पेठेला आपल्या पोरांचा अभिमान आहे आणि पोरींचा अजून पुरता झालेला नाही. प्रत्येक मोठ्या तालमीनं मुलींचा एक संघ उभा केला तर गॅलरीत त्यांच्या आया, बहिणी, मैत्रिणी येतील, आणि शिवीगाळ कमी करायला याहून स्वस्त उपाय मला सुचत नाही. ज्या संस्थेला पुढच्या पिढीची अर्धी माणसं नकोत तिनं टिकण्याच्या गोष्टी करू नयेत.

शेवटचा आक्षेप नव्या पिढीच्या नावानं घेतला जातो: पोरं आता मोबाइलवर मँचेस्टर आणि माद्रिद पाहतात, त्यांना पेठेचं काय पडलंय? विश्वचषकाच्या महिन्यात कोल्हापूरच्या गल्ल्या पाहिल्या तर ही भीती खरी वाटावी. ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे, मेस्सी-रोनाल्डोचे उंच कटआउट, रात्री चौकात लावलेले पडदे. पण तेच पोरगं डिसेंबर-जानेवारीत शाहू स्टेडियमवर दिसतं. रात्री पाहिलेल्या खेळामुळे त्याची दुपारची अपेक्षा वाढते, एवढाच काय तो परिणाम. स्थानिक सामने आता यूट्यूबवर थेट दिसतात, त्यामुळे नोकरीसाठी पुण्याला किंवा दुबईला गेलेला माणूसही आपल्या संघाशी जोडलेला राहतो. माद्रिदच्या संघाला कोल्हापूरच्या पोराचं प्रेम पुष्कळ मिळेल, पण त्या संघाच्या बैठकीत त्याला कुणी जाब विचारू देणार नाही. तालमीच्या कट्ट्यावर तो विचारू शकतो, आणि ही मुभा एकदा चाखलेला माणूस ती सहजी सोडत नाही.

भारतीय फुटबॉलला बळ कुठून मिळेल यावर आजवर भांडवल, परदेशी प्रशिक्षक, नवी स्टेडियम अशी उत्तरं दिली गेली. ती सगळी लागतील. पण बालेवाडीला स्टेडियम होतं, भांडवल होतं, तारे होते, आणि तिथे आज शहराचं नाव सांगणारा तो संघ नाही. कोल्हापूरकडे या तिन्हींतलं थोडंच आहे, तरी हंगाम आला की 16 संघ हजर असतात. तेव्हा केएसए, पालिका आणि पोलिस दर वर्षी हंगामाच्या तोंडावर बंदोबस्ताची बैठक घेतात तशीच एक बैठक त्यांनी पायरीवरच्या माणसांबरोबरही घ्यावी. कुठल्या दारानं कुणी यायचं, कुणी कुणाला आवरायचं, पोरांच्या आणि पोरींच्या सरावाला कुठलं मैदान राखायचं, हे त्यांच्यासमोर आणि त्यांच्या सहीनं ठरावं. सही केलेला माणूस दुसऱ्या दिवशी दगड उचलणाऱ्याचा हात धरण्याची शक्यता, न विचारलेल्या माणसापेक्षा नक्कीच जास्त आहे.